फ्लॉरेन्सला जाताय? फोर्लीलाही उतरा

आमच्या कसबा पेठेत उन्हाळा आला की भिशीत युरोप निघतोच. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस. त्यात आम्हा फौजींच्या बायकांना उत्साह जरा जास्त. नोकरीत असताना नवऱ्याबरोबर परदेशी राहण्याचं भाग्य मोजक्याच जणींना लाभतं. दूतावासात नेमणूक झाली तर. शांतिसेनेत जाणारा बहुधा एकटाच जातो. एरवी फील्ड पोस्टिंग म्हणजे हे तिकडे सीमेवर, आणि आपण इकडे मुलांच्या परीक्षा नि सासूबाईंचं बीपी सांभाळत बसलेल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर दोघं जोडीनं युरोप बघायला निघाले, तर कुणी नावं ठेवू नयेत. खुशाल जावं, हौसेनं फोटो काढावेत.

माझं म्हणणं एवढंच, की त्यातला अर्धा दिवस अशा माणसांसाठी ठेवावा, ज्यांनी युरोप पाहिला तो घरच्यांना मागे ठेवून, खांद्यावर बंदूक घेऊन.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले. त्यातले ५,७८२ परतले नाहीत. तिथल्या लढाईत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे, आणि त्यातले दोन मराठा पलटणीचे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, वय अवघं बावीस. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात सोबती पडले, तेव्हा हे एकटे त्या गनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक उलटी धरून लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. दुसरे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून, सुरुंगांमधून दोन जखमी साथीदारांना त्यांनी मागे आणलं आणि पुन्हा शत्रूवर चालून गेले. जाधव परत आले. १९८४ साली आपल्या पुण्यातच वारले. घाडग्यांची समाधी मात्र कुठेच नाही, कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ साली पेरुजाजवळच्या मोंतोने गावानं त्यांच्या नावे सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाला आठवण आहे हो!

फ्लॉरेन्सला गेलेली आपली मंडळी कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आवर्जून बघतात. १८७० साली विसाव्या वर्षी तिथे गेलेला तो राजा, बघायलाच हवी. पण बोलोन्याहून रेल्वेनं तासाभराच्या आत फोर्ली येतं, आणि तिथे खास भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? हिंदू-शीख जवानांना अग्नी दिला गेला, म्हणून त्यांची थडगी नाहीत. त्यांची नावं स्मारकावर कोरली आहेत.

आणि बायकांनी तिथे का जायचं, ते आता सांगते. या दफनभूमी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. त्यांच्या नोंदींत पुष्कळ जवानांपुढे लिहिलेलं असतं: अमक्या-तमकीचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव. म्हणजे मागे राहिलेल्या त्या बाईचं नाव युरोपात पोहोचलं, ती काही पोहोचली नाही. तिकिटाचा प्रश्नच नव्हता, नकाशात इटली कुठे हेसुद्धा तिला कुणी दाखवलं नसेल. आम्ही निदान फोनची वाट तरी बघायचो.

भिशीत हे काढलं तर एक मैत्रीण म्हणाली, “अगं, सहलीत स्मशान कशाला?” रोममध्ये पैसे देऊन कॅटाकोंब बघतो, ती काय बाग आहे? सहल कंपनी म्हणते, मागणी नाही. मग मागणी करायला काय हरकत आहे? दहा जोडप्यांनी एकत्र विचारलं तर बस वळेल.

निघण्याआधी कमिशनच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून बघा. नाव मात्र जुनं टाका, रायगड नव्हे, कुलाबा. गावांची इंग्रजी स्पेलिंगंही साहेबांच्या कानाला आली तशीच आहेत, तेव्हा दोन-चार तऱ्हा करून बघा. सापडलेलं नाव कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवा, त्याच्या बायकोच्या नावासकट.