कोर्टाची पायरी एकट्याने चढायची नाही



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. ज्याला घरी बसणे परवडते, त्याला ही म्हण ठीक आहे. पण दिराने सातबाऱ्यावर नाव लागू न दिलेल्या विधवेला, चोरीच्या संशयावरून पालावरून उचललेल्या पारध्याला, अत्याचार झालेल्या मूकबधिर पोरीला कोण विचारतो, पायरी चढायची का म्हणून? समन्स येते आणि चढावी लागते. आमचा सवाल एवढाच आहे, की त्या दिवशी त्यांच्याबरोबर कोण असते?

कोणी नसते. शिरूर घ्या नाहीतर दौंड घ्या, तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात एक चक्कर मारा. भिंतीच्या कडेला भाकरीचे फडके मांडीवर घेऊन एखादी म्हातारी बसलेली दिसेल. ज्वारीची काढणी टाकून आलेली असते. शिपाई पुकारा करतो तेव्हा तो आपलाच आहे हे तिला कळत नाही, कारण जन्मात तिला कोणी पूर्ण नावाने हाक मारलेली नसते. विरुद्ध बाजूचा माणूस गोड बोलतो, चहा पाजतो. तडजोडीच्या पुरशिसवर अंगठा उठतो आणि चार एकर जिराईत जाते. घरी येऊन ती सांगते, माणसे चांगली होती.

आता कायदा काय सांगतो ते ऐका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला १९९५ साली. बाई, बालक, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग आणि कोठडीतला माणूस, या सगळ्यांना उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो, दिवाणी दाव्यातही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या उत्पन्नाची अट आहे. आपल्या कोरडवाहूवाल्यांपैकी किती जण त्या रेषेच्या वर असतील, ते ज्याचे त्याने ठरवावे! मालमत्तेच्या आणि पोटगीच्या दाव्यात बाईला कोर्ट फी माफ आहे, ती १९९४ पासून. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा फोन फुकट लागतो. हे गावात माहीत कोणाला? ज्याला माहीत आहे, त्याला सांगण्यात फायदा नाही.

वकील मिळाला तरी भीती जात नाही. त्याचीही सोय कायद्यात आहे. २०१२ च्या बालकांवरील अत्याचाराच्या कायद्याप्रमाणे पोराची साक्ष आईबाप किंवा त्याचा भरवशाचा माणूस हजर ठेवून घ्यायची असते आणि आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यायचा नसतो. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात अत्याचार झालेल्या मूकबधिर मुलीची साक्षच झाली नव्हती, म्हणून आरोपी हायकोर्टात सुटला. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा परत कायम केली आणि अशा साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रे काढायला सांगितले. २०२२ साली जिल्ह्याजिल्ह्यात कायमचे केंद्र करा, असा हुकूम झाला. अपंग, मनोरुग्ण, धमकावलेला साक्षीदार, सगळे त्यात धरले. जिल्ह्याला एक म्हटले की ते जिल्ह्याच्याच गावी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आमची मागणी तालुक्याला केंद्र, ही आहे.

आता थोडे कडू. सरकारला शिव्या देणे आपल्याला सोपे जाते. पण पारध्याच्या खटल्यात समोरच्या बाजूला बऱ्याचदा आपलेच गाव उभे असते. त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला, आपल्या डोक्यातून अजून गेलेला नाही. रात्री पिकाच्या राखणीला तोच माणूस चालतो आणि सकाळी मोटार चोरीला गेली की पहिले नाव त्याचेच घेतले जाते! अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून पीडितांना संस्थांची, कार्यकर्त्यांची मदत घेण्याचा हक्क दिलेला आहे. १९९५ च्या नियमांप्रमाणे साक्षीला जाण्याचा प्रवासखर्च आणि किमान वेतनाहून कमी नाही इतका दिवसाचा भत्ता तीन दिवसांच्या आत द्यायचा असतो. तो मागायला आपण कधी कोणाबरोबर गेलो?

आंदोलनात आपली माणसे पकडली जातात, तेव्हा कोर्टाबाहेर गाव लोटते. आत उभा असलेला शेतकरी त्या गर्दीच्या जोरावर ताठ बोलतो. विधवेच्या तारखेला दोन माणसे जायला काय अडचण आहे?

तेव्हा या बैठकीत नावे नोंदवा. शिरूरला चार आणि दौंडला चार, त्यांत निम्म्या बाया. आधी समितीत अर्ज करून वकील मागायचा, तारखेला बरोबर बसायचे, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठू द्यायचा नाही. काय बोलायचे ते पढवायचे नाही, साक्ष ज्याची त्याने द्यायची. आणि ज्यांची भाऊबंदकी कोर्टात चालू आहे, त्यांनी कृपा करून नाव देऊ नये.