बाजू दोन, पण पुरावा कुणाकडे?

"उत्क्रांती शिकवता, तर देवाने सृष्टी निर्माण केली हेही शिकवा, मुले ठरवतील," अशी मागणी अमेरिकेत अनेक वर्षे होत आली. ऐकायला ती न्याय्य वाटते.

पेनसिल्व्हानियातील डोव्हर येथील शाळा मंडळाने २००४ साली ठराव केला. सजीवांमागे कुणी बुद्धिमान कर्ता असावा, असाही एक विचार आहे, हे निवेदन नववीच्या मुलांना वाचून दाखवायचे. विज्ञान शिक्षकांनी साफ नकार दिला. ११ पालक न्यायालयात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी निकाल दिला: हे विज्ञान नव्हे, धार्मिक मत आहे, सरकारी शाळेच्या विज्ञान वर्गात ते घटनाबाह्य आहे.

श्रद्धा ज्याची त्याच्या घरी. विज्ञानाच्या तासाला मान पुराव्याला. जीवाश्म खडकांच्या थरांत क्रमाने सापडतात, ते तपासता येते. कर्ता तपासता येत नाही.

आपल्याकडेही २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. ज्याच्या घरी दुसरे पुस्तक नाही, त्याच मुलाचे यात नुकसान. आई-वडिलांनो, मुलांची पुस्तके उघडून पाहा. वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या. धडा गायब दिसला, तर शाळेत जाऊन विचारा.