विंबल्डनची रांग

आमची कन्या गेलीं दहा वर्षें नोकरीनिमित्त लंडनांत राहते. "अण्णा, तुमचे गुडघे चालते आहेत तोंवर एकदां येऊन जा," असा तिचा आग्रह चालूच होता. त्यास मान देऊन २०२५ सालच्या जून महिन्यांत आम्ही उभयतां तिकडे गेलों. जीं स्थळें पाहिल्यावांचून विलायतेचा प्रवास सुफळ संपूर्ण होत नाहीं, तीं सर्व यथासांग पाहून झालीं. त्यांचें वर्णन करून मी वाचकांचा वेळ घेणार नाहीं. आज लिहावयाचें आहे तें एका रांगेविषयीं.

विंबल्डन हें लंडनचें एक उपनगर. तेथें १८७७ पासून टेनिसचे सामने भरत आले आहेत. चर्च रोडवरील सध्यांचें क्रीडांगण १९२२ सालचें. पुष्कळशीं तिकिटें कित्येक महिने आधींच सोडत काढून दिलीं जातात. तरीहि ज्याला सोडतींत यश आलें नाहीं त्याच्यासाठीं रोज कांहीं तिकिटें राखून ठेवण्याची चाल आहे. मुख्य तीन कोर्टांचीं प्रत्येकीं सुमारें पांचशें, व त्याखेरीज नुसत्या आवारांत प्रवेश देणारीं हजारों. अट एकच : स्वतः येऊन रांगेंत उभें राहावयाचें. कित्येक लोक आदल्या रात्रीं शेजारच्या उद्यानांत तंबू ठोकून निजतात. रांगेच्या टोकाशीं पोंचतांच प्रत्येकाला क्रमांकाचें एक कार्ड मिळतें. तें दुसऱ्यास देतां येत नाहीं. आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ कोणी जागा सोडली, तर ती गेलीच म्हणून समजावें. उभा जन्म मीं शाळेंतल्या पोरांना रांगेंत उभें करण्यांत घालविला. परंतु छडीवांचून इतकी सरळ राहिलेली रांग मीं पूर्वीं पाहिली नव्हती.

जुलैच्या पहिल्या तारखेस, मंगळवारीं, आम्ही बापलेक पहाटे साडेचार वाजतां घरांतून निघालों. मुलीनें त्या दिवसाची रजा काढली होती. नात शाळेला जावयाची होती, म्हणून सौ. तिच्याजवळ राहिली. जातांना तिनें दशम्यांचा डबा हातीं दिला, हें निराळें सांगावयास नको. आमचा क्रमांक अठराशेंच्या पुढचा लागला. सतरंजी पसरून आम्ही गवतावर बसलों. त्या आठवड्यांत तेथें असा उन्हाळा पडला होता कीं आपल्या वैशाखाची आठवण व्हावी.

येथें एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ही कन्या लहानपणीं आमच्या गांवच्या जिमखान्यावर टेनिस खेळत असे व चांगलें खेळते असें लोक म्हणत. ती दहावींत असतां बाहेरगांवच्या सामन्यांसाठीं तिची निवड झाली आणि पालकांच्या संमतीचा कागद घरीं आला. मीं त्यावर सही केली नाहीं. "खेळून कोणाचें पोट भरलें आहे?" एवढेंच मी बोललों. ती कांहींच बोलली नाहीं. रॅकेट माळ्यावर गेली, परीक्षेंत गुण उत्तम मिळाले, आणि माझा निर्णय योग्य होता असें मी पुढें वीस वर्षें चारचौघांत सांगत आलों.

असो. रांगेंत बसल्या बसल्या मुलीनें विचारलें, "अण्णा, येथें सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री कोण, सांगा पाहूं?" रामनाथन् कृष्णन् हे १९६० व १९६१ अशीं लागोपाठ दोन वर्षें उपांत्य फेरीपर्यंत गेले होते, यापलीकडे माझी मजल नव्हती. ती म्हणाली, "लीला राव. साल १९३४. तुमच्या क्षमाबाईंची मुलगी."

माझ्या हातांतला चहाचा पेला हातांतच राहिला. पंडिता क्षमाबाई राव! ज्यांच्या 'सत्याग्रहगीते'तील श्लोक मीं वर्गांत कित्येकदां म्हणून दाखविले, ज्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित यांनीं सायणभाष्यासह अथर्ववेद संपादिला, आणि ज्यांनीं त्या पित्याचें चरित्र संस्कृत श्लोकांत गुंफिलें, त्याच या विदुषी. त्या स्वतः टेनिस खेळत. त्यांची कन्या विंबल्डनला येऊन पहिल्या फेरींत विजयी झाली, आणि त्याच कन्येनें पुढें आईच्या कथांवरून संस्कृत नाटकें रचिलीं. एकाच घरांत गीर्वाणवाणी आणि रॅकेट सुखानें नांदत होती. मी मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, पण पाठशाळेंत जें संस्कृत शिकलों त्याचा मला अभिमान आहे. आणि त्या घराचें हें अर्धें अंग मला ठाऊकच नव्हतें!

"तुला हें कधीं समजलें?" मीं विचारलें.

"दहावींतच. ग्रंथालयांत वाचलें होतें. तुम्हांला सांगणार होतें," ती म्हणाली, आणि तिनें दशमीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेविला.

दहा वाजतां दारें उघडलीं आणि यथाक्रम आम्ही आंत गेलों. आमचें तिकीट आवाराचें, म्हणून मोठ्या कोर्टांवर प्रवेश नव्हता. अठरा क्रमांकाच्या कोर्टाच्या भिंतीवर एक पाटी पाहिली. तेथें २०१० सालीं इस्नर व माहू या दोघांचा सामना तीन दिवस मिळून अकरा तास पांच मिनिटें चालला व शेवटचा सेट ७०-६८ असा संपला. नंतर एका लहानशा कोर्टापाशीं आम्हांला अगदीं पुढच्या बाकावर जागा मिळाली. अकराला खेळ सुरू झाला. दोघीहि तरुण मुली, नखशिखान्त शुभ्र पोषाखांत. नांवें मीं पूर्वीं ऐकलेलीं नव्हतीं.

दूरचित्रवाणीवर हा खेळ मीं येतां-जातां पाहिला होता. पण चार हातांवरून तो निराळाच दिसतो. आठ मिलिमीटर उंचीवर कापलेल्या त्या गवतावरून चेंडू असा सरपटत येई कीं मी मान वळवीपर्यंत तो परतलेला असे. त्या वर्षापासून रेषेवरचे पंच काढून टाकले आहेत. चेंडू बाहेर पडला कीं यंत्रांतूनच आवाज येतो. त्यामुळें वाद नाहीं, तक्रार नाहीं. चूक झाली कीं मुलगी क्षणभर पाठ फिरवी, रॅकेटच्या तारा बोटांनीं सरळ करी, आणि पुन्हां रेषेवर येऊन उभी राही. असें किती वेळां झालें हें मी मोजूं लागलों आणि पुढें मोजणें सोडून दिलें. एका अनुष्ठानाला लागते तेवढी एकाग्रता मीं तेथें पाहिली.

पोटाचा प्रश्नहि मुलीनें सोडविला. १९६८ पर्यंत येथें केवळ हौशी खेळाडूंस प्रवेश असे. त्या वर्षीं धंदेवाईकांस दार उघडलें, तेव्हां विजयी पुरुषास २,००० पौंड व विजयी स्त्रीस ७५० पौंड मिळाले. २००७ पासून दोघांस समान बक्षीस मिळतें. २०२५ सालीं तें ३० लक्ष पौंड होतें. मी हंसून म्हणालों, "म्हणजे माझें गणित चुकलें." मग न राहवून विचारलें, "तेव्हां मीं सही केली नाहीं, याचा राग अजून आहे काय?"

ती कोर्टाकडे पाहतच म्हणाली, "सहीचें एवढें कांहीं नाहीं, अण्णा. सगळेच कांहीं येथवर पोंचत नाहींत, आणि मी पोंचलें असतें असेंहि नाहीं. पण पांच वर्षें मी खेळत होतें आणि तुम्ही एकदांहि पाहायला आलां नाहींत. न पाहतांच नाहीं म्हणालांत."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. सामना संपेपर्यंत आम्ही कांहींच बोललों नाहीं. हरलेल्या मुलीनें पिशवी खांद्यास लाविली तेव्हां मुलीबरोबर मीहि उभा राहून टाळ्या वाजविल्या.

आमची नात अकरा वर्षांची आहे व तीहि टेनिस खेळते. "अभ्यासाचें वय आहे, खेळ जरा कमी कर," असा उपदेश मीं तिला येथून दूरध्वनीवर केला होता. पुढच्या रविवारीं घराजवळच्या बागेंतील कोर्टावर तिचा सराव होता. मी कोणास न सांगतां जाऊन बाकावर बसलों आणि दोन तास बसून राहिलों. प्रत्येक चांगल्या फटक्यानंतर ती पोर बाकाकडे पाही. तिची आई पलीकडे जाळीशीं उभी होती. ती मात्र खेळाकडे न पाहतां माझ्याकडे पाहत होती.

वाचकहो, घरांतील वडील माणसांनीं मुलांस कधींच नाहीं म्हणूं नये, असें माझें मत झालेलें नाहीं. पुष्कळदां तें म्हणावेंच लागतें. परंतु म्हणण्यापूर्वीं एकदां उठून, मूल काय करतें तें त्या जागीं जाऊन पाहून यावें. मला हें समजण्यास चार-पांच हजार मैल जावें लागलें. आमच्या घरापासून जिमखाना दहा मिनिटांच्या वाटेवर होता.