बॅजर, कुत्रे आणि बघे

इंग्रजीत 'टू बॅजर' म्हणजे एखाद्याच्या मागे लागून त्याला सतत सतावणे. बॅजर हा खरे तर युरोपात आढळणारा प्राणी. तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, जमिनीत बीळ खणून राहणारा, रात्री बाहेर पडणारा. तो आपणहून कोणाच्या वाटेला जात नाही. मग सतावण्याला त्याचे नाव का मिळाले?

पूर्वी इंग्लंडमध्ये बॅजरला पेटीत किंवा कृत्रिम बिळात ठेवून त्याच्यावर कुत्रे सोडत. कुत्र्यांनी त्याला बाहेर ओढायचे, त्याला परत आत टाकायचे, पुन्हा कुत्रे सोडायचे. लोक भोवती जमून पैजा लावत. या खेळावरून अठराव्या शतकाच्या अखेरीस हे क्रियापद रूढ झाले. १८३५ मध्ये कायद्याने खेळावर बंदी आली; शब्द मात्र टिकला. आपला 'डिवचणे' हा शब्दही असाच आहे. काठीने डिवचतात आणि बोलूनही डिवचतात.

माझ्या मते वसतिगृहातल्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. 'गंमत करत होतो' हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. गंमत आणि छळ यांतला फरक या जुन्या खेळात स्पष्ट दिसतो. बॅजरला पळायला वाट नव्हती. तो एकटा होता, कुत्रे अनेक. आणि कधी थांबायचे, हे त्याच्या हातात नव्हते. नव्या कॅडेटला त्याच्या हिंदी उच्चारांवरून बरोबरीच्या मित्राने चिडवले आणि त्यानेही उलट टोला दिला, तर ती गंमत. पण तेच मेसमध्ये, प्रेपला आणि दिवे मालवल्यावरही दहा जण करत राहिले, तर? सुट्टी लागेपर्यंत त्याला जायला दुसरी जागा नसते.

काही जण म्हणतात, 'यानेच पोरगा कणखर होतो.' मला हे पटत नाही. क्रॉसकंट्रीत दम लागतो, ऑब्स्टॅकल कोर्सवर गुडघे फुटतात. पण तिथे आपल्याबरोबर सगळेच धावत असतात आणि शर्यत कुठे संपते ते माहीत असते. सततच्या सतावण्याने मुलगा कणखर होत नाही, गप्प होतो. दोन्ही लांबून सारखेच दिसते, म्हणून आपली फसगत होते.

राहता राहिले बघे. पैजा लावणारी गर्दी नसती, तर तो खेळ चालला असता का? आपल्यातले बहुतेक जण या गर्दीतच असतात, भोवती उभे राहून हसणारे. 'पुरे आता' म्हणायला हाऊस कॅप्टनची वाट कशाला पाहायची? हसणाऱ्यांपैकी एकाने म्हटले, तरी पुष्कळ आहे.