रुदरफोर्ड परत आलाय, पण बसवणार कुठे?

१५ नोव्हेंबरच्या शनिवारी करी रोड स्टेशनच्या पुलावर जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून चालत होता. संजू सॅमसन चेन्नईत आणि बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानात, यावर सगळ्यांचीच तज्ज्ञ मतं सुरू होती. या गोंधळात आपल्या मुंबई इंडियन्सची बातमी कुणी नीट वाचलीच नाही. त्याच आठवड्यात मुंबईने गुजरात टायटन्सकडून शेरफेन रुदरफोर्डला घेतलं, २ कोटी ६० लाखांत. आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं, "हा कोण?" दुसऱ्याने हसणारा इमोजी टाकला आणि गाडी परत सॅमसनवर आली.

रुदरफोर्ड म्हणजे गयानाचा डावखुरा हिटर. उभा राहतो आणि मारतो. २०२५ च्या सीझनमध्ये गुजरातसाठी १३ मॅचमध्ये २९१ रन्स, स्ट्राइक रेट १५७. असा माणूस ट्रेडने घेणं शहाणपणाचं आहे का, यावर आमच्याकडे दोन तट पडले. मी 'हो' म्हणणाऱ्यांत आहे, पण माझा 'हो' जरा अडखळत येतो. का ते सांगते.

आधी पैशांचं बघू, कारण ट्रेडमध्ये खरी मेख तिथेच असते. २०२६ च्या सीझनसाठी प्रत्येक टीमला १२५ कोटींची मर्यादा होती. मुंबईने बुमरा, सूर्या, हार्दिक, रोहित असे सगळे महागडे गडी ठेवले, त्यामुळे १६ डिसेंबरच्या अबुधाबीच्या लिलावासाठी आपल्याकडे उरले फक्त २ कोटी ७५ लाख. कोलकात्याकडे ६४ कोटी ३० लाख होते, चेन्नईकडे ४३ कोटी ४० लाख. आता समजा, रुदरफोर्डचे पैसे मुंबईने वाचवले असते. खिशात झाले असते पाच कोटींच्या आसपास. तेवढ्यात समोर ६४ कोटीवाला पॅडल वर करून बसलेला असताना तुम्ही कुठला हिटर आणणार? ग्रुपवर "रसेलला उचला" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. लिलावात ज्याचा खिसा रिकामा, त्याने ट्रेडच करायचा असतो. तिथे बोली लागत नाही, दोन टीम आणि खेळाडू 'हो' म्हणाले की काम झालं.

म्हणजे किमतीबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आपल्या टीमच्या सवयीबद्दल आहे.

पोलार्डने २०२२ मध्ये आयपीएलमधून निवृत्ती घेतली तेव्हापासून सहाव्या नंबरची ती खुर्ची मुंबई भरायला बघतेय. टिम डेव्हिड होता ना आपल्याकडे! ८ कोटी २५ लाखांना घेतलेला. आठवतंय, ३० एप्रिल २०२३, वानखेडेवर राजस्थानविरुद्ध शेवटच्या ओव्हरला १७ हवे होते आणि त्याने जेसन होल्डरला पहिल्या तीन बॉलवर तीन सिक्स मारून मॅच संपवली? त्यानंतर रोमारियो शेफर्ड. हाही ट्रेडनेच आला, लखनौकडून, अवघ्या ५० लाखांत. ७ एप्रिल २०२४ ला दिल्लीविरुद्ध त्याने नॉर्कियाच्या शेवटच्या ओव्हरमध्ये ३२ रन्स कुटले, १० बॉलमध्ये नाबाद ३९. सलग तीन मॅच हरलेल्या मुंबईला त्या सीझनमधला पहिला विजय त्या दिवशी मिळाला. मुंबईने २९ रन्सनी मॅच जिंकली, शेवटच्या ओव्हरमध्ये आले ३२. तुम्हीच वजाबाकी करा.

पुढे काय झालं? दोघांनाही सोडून दिलं. बेंगळुरूने डेव्हिडला ३ कोटींत आणि शेफर्डला दीड कोटीत उचललं. ३ मे २०२५ ला शेफर्डने चेन्नईला १४ बॉलमध्ये नाबाद ५३ चोपल्या, बेंगळुरू ती मॅच २ रन्सनी जिंकली. आणि ३ जूनला ट्रॉफी त्यांनीच उचलली. साडेचार कोटींत दोन हिटर, दोन्ही आपल्याच घरून गेलेले. मला आजही ते बघवत नाही.

रुदरफोर्डची गोष्ट तर याहून भारी आहे. हा मुंबईत पहिल्यांदा येतच नाहीये! २०१९ मध्ये मुंबईने मयंक मार्कंडेला दिल्लीला देऊन रुदरफोर्डलाच घेतलं होतं. २०२० चा पूर्ण सीझन तो बाकावर बसला, एकही मॅच खेळला नाही. मुंबई जिंकली, पण त्याला बॅट हातात घ्यायला मिळाली नाही. आता २०२५ मध्ये मुंबईने रुदरफोर्डला परत आणलंय आणि कोलकात्याकडून मार्कंडेलाही. सहा वर्षांपूर्वी ज्यांची अदलाबदल केली, ते दोघेही आता आपल्याच ड्रेसिंग रूममध्ये!

म्हणूनच प्रश्न येतो, या वेळी त्याला खेळवणार कुठे? अकरात विदेशी चारच. आपल्याकडे लिलावाआधीच रुदरफोर्ड धरून सात झाले होते. बोल्ट नवा बॉल टाकणार, सँटनर स्पिन. विकेटकीपर म्हणून रिकल्टन. झाले तीन. चौथ्या जागेवर विल जॅक्स की रुदरफोर्ड? जॅक्स ऑफ-स्पिनच्या दोन-तीन ओव्हर्स काढून देतो, रुदरफोर्ड मुख्यतः बॅटिंगच करणार. शिवाय नमन धीर आहे. देशी खेळाडू, २०२५ च्या सीझनला २५२ रन्स आणि स्ट्राइक रेट १८० च्या वर. विदेशी जागा न अडवता तो तेच काम करतो. इम्पॅक्ट प्लेअरची पळवाटही सोपी नाही, कारण अकरात चार विदेशी असतील तर बाहेरून येणारा भारतीयच लागतो.

विरोधी तटातला माझा एक मित्र आणखी एक मुद्दा काढतो, आणि तो मला खोडता आलेला नाही. गुजरातमध्ये रुदरफोर्ड बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या क्रमांकावर यायचा, तेव्हा वरचे तिघे पाया घालून गेलेले असायचे. साई सुदर्शनच्या ७५९ रन्स, गिलच्या ६५०, बटलरच्या ५३८. तिघांच्या मिळून जवळपास १९५०! मागे असा डोंगर असला की हिटरला दडपण कमी. आमच्या चाळीत अंडरआर्म खेळताना बॉल थेट पहिल्या मजल्यावर गेला की आऊट. मैदानावर सिक्स मारणारे दोन 'बाहुबली' तिथे भोपळ्यावर परत गेलेले मी पाहिलेत. माणूस तोच, पिच आणि नियम बदलले की आकडे बदलतात. पण मुंबईतही सूर्या आहे, ७१७ रन्सवाला. रोहित आहे, तिलक आहे. पाया इथेही पडतोच.

ट्रेड म्हटलं की आपल्याकडे अजून २०२४ आठवतं, तेही खरंच. हार्दिकला १५ कोटींत परत आणलं, त्याच वेळी कॅमेरॉन ग्रीनला साडेसतरा कोटींत बेंगळुरूला दिलं, डिसेंबरमध्ये कॅप्टन बदलला. वानखेडेवर आपल्याच कॅप्टनला बू करणारे लोक आपण पाहिले आणि टीम दहाव्या नंबरवर गेली. पण तो वाद बॅटिंगचा नव्हताच, गादीचा होता. रुदरफोर्ड कुणाच्या गादीवर येत नाहीये. त्याने महिनाभर काही केलं नाही तरी लालबाग-परळला कुणी त्याच्या नावाने शिमगा करणार नाही. २ कोटी ६० लाखांत हे स्वातंत्र्यही येतं.

म्हणून माझं मत असं, घेतला ते बरोबर केलं. पण किमान सलग पाच-सहा मॅच त्याला द्यायला हव्यात, दोनदा लवकर आऊट झाला तरी. हिटरचं गणितच तसं असतं, चार मॅच फुकट आणि पाचवी एकट्याने जिंकून देतो. डेव्हिडच्या बाबतीत आपल्याला ती पाचवी मॅच दिसली होती, शेफर्डच्या बाबतीत तर दुसऱ्या टीमच्या जर्सीतही दिसली.

नव्या सीझनच्या पहिल्या मॅचला टॉस झाला की टीमशीट येईल. रोहितचं नाव असणारच आहे, ते शोधू नका. चौथा विदेशी कोण, तेवढं बघा आणि मला इन्स्टावर कळवा. तोपर्यंत ग्रुपवर सॅमसनवरून भांडण चालूच असेल.