गोळीने नस सैल होते, विडीने पुन्हा आवळते

तासगाव भागातल्या आपल्या कित्येक घरांची चूल द्राक्षबागेतल्या मजुरीवर पेटते. छाटणी असो की विरळणी, काम सारे उभ्याने. त्यामुळे पाय दुखला की कामानेच दुखला, असे आपण धरून चालतो. पण एक दुखणे निराळे. थोडे चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो, चालले की पुन्हा येतो. पायाला रक्त कमी पडत असल्याची ही खूण असू शकते.

रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या गोळ्या काय करतात, ते आज पाहू. वाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. ते आवळले की वाट अरुंद होते, सैल पडले की मोकळी होते. अॅम्लोडिपिन, निफेडिपिन या गोळ्या त्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाहीत. म्हणून रक्तदाब उतरतो. थंडीने पांढरी-निळी पडणारी बोटेही सुधारतात. सिलोस्टॅझॉल दुसऱ्या मार्गाने स्नायू सैल करते, शिवाय रक्त गोठवणारे कण एकमेकांना चिकटू देत नाही. तिने पोटरी न दुखता जास्त चालता येते. मात्र हृदय कमजोर झालेल्यांना ती चालत नाही.

पण आवळलेली वाट सैल होते, बुजलेली वाट गोळीने उघडत नाही. क्षाराने चोंदलेली ठिबकची नळी नुसती सैल करून भागते का?

आणि वाट बुजवते कोण? 1908 साली न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्गर यांनी एका रोगाचे वर्णन केले. तो बहुधा तंबाखू ओढणाऱ्या तरुणांना होतो. हातापायांच्या लहान वाहिन्या बंद पडतात, बोटे काळी पडतात, कधी कापावी लागतात. तंबाखू पूर्ण सुटली तरच तो आटोक्यात येतो. सकाळी गोळी घ्यायची आणि दुपारी विडी ओढायची, म्हणजे एका हाताने सोडून दुसऱ्या हाताने आवळणे. तंबाखूचा बार आणि मिश्रीही त्यातच आली, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे.

आमचे सांगणे एवढेच. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, आपली मनाने बंद करू नका. गोळीने चक्कर येत असेल, पावले सुजत असतील तर डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर तळपाय रोज पाहा, बधिर पाय शेकू नका. बोट काळे पडले, जखम भरेना किंवा रात्री झोपेतही पाय ठणकू लागला, तर मजुरी बुडेल म्हणून थांबू नका. सरळ मिरजेचे शासकीय रुग्णालय गाठा. एका दिवसाची हजेरी बुडाली तर भरून निघेल, गेलेला पाय परत येणार नाही.