बर्फ थांबल्यानंतरचे ऊन

काश्मीरमधील गुलमर्गहून अलीकडच्या हिवाळ्यांत एकाच जातीची बातमी पुन्हा पुन्हा आली आहे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवत पर्वताच्या उतारावर हिमप्रपात होऊन पोलंडचे दोन स्कीपटू मृत्यू पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, गुलमर्गला ‘खेलो इंडिया’चे हिवाळी सामने चालू असतानाच, वरच्या उतारावर एक रशियन स्कीपटू दगावला. दोन्ही वेळा आधीच्या दिवसांत भरपूर बर्फ पडला होता. अशी बातमी वाचून आपण ‘निसर्गाचा कोप’ म्हणतो आणि पान उलटतो. हा कोप खरोखर कितपत निसर्गाचा असतो, हे पाहिले पाहिजे.

ताजा बर्फ पडतो तेव्हा वारा स्वस्थ बसत नाही. डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून तो पलीकडच्या, आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. वाटेत बर्फाचे कण आपटून बारीक होतात आणि तेथे घट्ट बसून त्यांची लादी तयार होते. आकाशातून पडेल त्याच्या कितीतरी पट बर्फ वारा अशा रीतीने काही तासांत साठवतो. खाली जुन्या बर्फाचा साखरेसारखा भुसभुशीत थर असला आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला, तर वरून एका माणसाचा भारही पुरतो. लादी तडकते व सबंध उतार सुटतो. आल्प्स आणि उत्तर अमेरिकेतील नोंदी सांगतात की, हौसेने डोंगरात गेलेली माणसे सापडतात तेव्हा दहापैकी सुमारे नऊ वेळा ही लादी त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भाराने सुटलेली असते.

हे सर्वांना लागू नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बदरीनाथजवळच्या माणा गावी रस्त्याचे मजूर आपल्या निवाऱ्यात गाडले गेले. त्यांतले आठजण मरण पावले. त्या बिचाऱ्यांनी तो उतार हौसेने निवडला नव्हता. तेथे प्रश्न वस्ती कोठे बसवावी याचा आहे. हौशी माणसाला मात्र मागे फिरण्याची मोकळीक असते.

मी संगीत शिकवणारा माणूस. या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका आवाजामुळे. पायाखालचा कच्चा थर बसतो तेव्हा ‘धप्प’ असा दबका नाद होतो, आणि जाणते लोक तो ऐकताच त्या उतारावरून बाजूला होतात. परंतु बर्फ थांबून लख्ख ऊन पडले की डोळे हरखतात, आणि अशा वेळी कान द्यावयास कोणाला सुचत नाही.

इशाऱ्यांचेही तसेच. धोक्याच्या पाच पायऱ्या सर्वत्र मानल्या जातात. आपल्याकडे चंदीगडची संरक्षण खात्याची संशोधनसंस्था असे इशारे देते. पाचांतली तिसरी म्हणजे मधली, असे सामान्य माणूस समजतो. पण धोका पायरीगणिक कित्येक पटींनी वाढतो. युरोपात सर्वाधिक बळी तिसऱ्याच पायरीच्या दिवशी पडतात. चौथीला लोक घरी राहतात.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासाने तिघांपैकी एखादाच. खालच्या गावातून मदत इतक्या लवकर पोचत नाही. संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे घेतलेला सोबतीच काय तो उपयोगी पडतो.

आपल्या घरांतली मुलेही आता स्की शिकावयास गुलमर्गला जातात. त्यांना अडवू नये. स्वेटर भरून देताना एवढे मात्र विचारावे: रात्री वारा कोणत्या बाजूने वाहिला हे तेथे कोणाला विचारणार आहेस? आजची पायरी कितवी? आणि तुझ्या सोबत्याजवळ फावडे आहे काय?